पणजोबांची तलवार आणि मटणाची नळी

फणसवाडीतल्या आमच्या विनयच्या घरी भिंतीवर तलवार आहे, ती पाहिलीय ना तुम्ही? पणजोबांनी ती लढाईत गाजवली, असं तो सगळ्यांना सांगायचा. लग्नाच्या बोलणीसाठी मुलीकडचे कोल्हापूरहून आले, त्यांनाही त्याने तेच ऐकवलं. मी तिथेच होतो.

मुलीचे वडील म्हणाले, “मग धार बघूया की!”

रविवार होता, घरात मटण होतं. विनयने त्यातली एक नळी आणून पाटावर ठेवली, तलवार उगारली आणि हाणली. नळी अख्खीच्या अख्खी उडून सोफ्याखाली गेली. आम्ही ती शोधून परत ठेवली. दुसऱ्या घावाला तलवार पाटात रुतली आणि नळीवर साधा ओरखडाही नाही. मुलगी समोरच बसली होती. विनयचा चेहरा बघवेना.

तेवढ्यात त्याची आई नारळाचा कोयता घेऊन बाहेर आली. “दे इकडे, रस्सा खोळंबलाय,” म्हणत तिने एका फटक्यात नळीचे दोन तुकडे केले आणि ते घेऊन आत गेली.

मग विनयचे बाबा बोलले. “अरे, तुझे पणजोबा कचेरीत कारकून होते. साहेब विलायतेला परत जाताना ही तलवार त्यांना देऊन गेला. तिला धार असती, तर त्यांनी तिने पेन्सिलीला टोक काढलं असतं!”

आता बोलणी फिसकटणार, असं मला वाटलं. पण मुलीचे वडील पोट धरून हसत होते.

“लई बरं झालं बघा,” ते म्हणाले. “लढवय्यांच्या घरात पोरगी द्यायची म्हणून मला धास्तीच होती.”