अकरा जणांची एकच तक्रार

...आणि ह्यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! अहो, लोकांच्या तक्रारींच्या तीनशे चिठ्ठ्या ह्या दोन बोटांनी कॉम्प्युटरच्या तक्त्यात टाइप केल्या मी, एका चौकोनात एक! पाणी येत नाही, गढूळ येतं, नळ गळतो... सूनबाई पाण्याच्या ऑफिसात, त्या दिवशी घरूनच करत होती काम, चारपर्यंत साहेबांना पाठवायचं होतं. म्हटलं, आण इकडे, मी काय मेलोय? चौथीपर्यंत गेलोय शाळेत!

मग तिनं तो पायथनचा प्रोग्राम लावला. तो म्हणे मजकूर झाडून-पुसून घेतो, जादा मोकळ्या जागा काढतो. कसलं काय! दोनशे बाराव्या ओळीवर बसला फतकल मारून. 'बाबा, मजकुराच्या जागी आकडा सापडला म्हणतोय. तुम्ही आकडा टाकलात?' मी ओरडलो, एकही आकडा टाकलेला नाही, मशीन बिघडलंय तुझं! खरंच नव्हता टाकला हो... काय टाकलं होतं, ते कुठे विचारलं तिनं? माझं काय चुकलं?

चारला दहा कमी. तपासायला वेळ कुठला! तिनं घाईघाईत एक ओळ वाढवली, जे सापडेल ते मजकूरच धर. गेला की गडी सुसाट!

पाचला साहेबांचा फोन, तोही मोठ्या आवाजात लावलेला. 'मॅडम, ह्या अकरा जणांची तक्रार एकच कशी? नॅन! पाण्यातून काय येतंय, नॅन?'

रिकामा चौकोन दिसला की ते मशीन मनातल्या मनात नॅन म्हणतं, आकड्यांत धरतं. मजकूर धर म्हटल्यावर मेल्यानं ते लिहूनच टाकलं. चहाडखोर!

आणि तुम्हाला सांगतो, ती पोरगी काय म्हणाली? 'साहेब, चूक माझी आहे. उद्या नीट करून देते.'

माझी! म्हणाली, माझी! आणि मी शेजारी बसून चष्मा पुसतोय...

अहो, अक्षर लागलं नव्हतं मला. जोडाक्षरं आली की माझी गाडी अडते. विचारणार कुणाला, सुनेला? एवढ्या फुशारक्या मारल्यावर? सोडले अकरा चौकोन रिकामे आणि चिठ्ठ्या सारल्या गादीखाली.

उठलो. आणल्या. ठेवल्या तिच्यापुढे. रागावली असती तर बरं झालं असतं हो... तिनं वरची चिठ्ठी सरळ केली, चष्म्यातून माझ्याकडे बघितलं आणि सावकाश वाचून दाखवली, 'माझी मागची तक्रार तुमच्याकडे कुणी वाचलीच नाही.'

आता माझं काय चुकलं ते... राहू द्या. सांगू नका.