मलप्पांचा डबा फाटकातच का यायचा

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कार्यालयाचे प्रमुख माननीय आप्पासाहेब, शाल-श्रीफळाचा भार ज्यांनी आपणहून अंगावर घेतला ते डाळ मिलवाले रेवणप्पाशेठ, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती मलप्पा विटकर आणि समोर जमलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो! पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. मघापर्यंत त्या खुर्च्यांवर बसलेल्या दोघींची नावंही मला आदरानं घ्यायची होती. एक मलप्पांच्या पत्नी चतुराबाई, दुसरी त्यांची लेक महानंदा, भोकरच्या शाळेत शिक्षिका आहे. दोघी आत्ता बाहेर वऱ्हांड्यात उभ्या आहेत. त्या का उठून गेल्या, हे मागे चहा घेणाऱ्या मंडळींना कदाचित कळलंही नसेल.

त्यांच्यासाठी सांगतो. दहा मिनिटांपूर्वी माइक शिट्ट्या मारत होता, खुर्च्या सरकत होत्या, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. सूत्रसंचालन माझ्याकडे. मी माइक धरला आणि म्हणालो, "अहो, काय वडारवाडा मांडलाय! गप बसा की जरा!" सगळे हसले. हशा पिकला की माइकवाल्याला बरंच वाटतं, मलाही वाटलं. मलप्पा जातीनं वडार आहेत, हे या सभागृहात कुणाला ठाऊक नाही? मला तर सत्तावीस वर्षांपासून ठाऊक आहे. गळ्यात हार घालून बसलेले मलप्पाही हसले. आणि हसणं थांबलं तेव्हा त्यांची माणसं जागेवर नव्हती.

आप्पासाहेबांनी लगेच कानात सांगितलं, "शेषेराव, विषय वाढवू नका. कागद वाचा अन् मोकळे व्हा." साहेब, आज्ञा शिरसावंद्य. कागद वाचतो. मोकळा होतो का, ते बघू.

पहिलं पान. बहात्तरचा दुष्काळ. औशाकडच्या एका रस्त्यावर खडी फोडण्याचं काम निघालं होतं आणि मी तिथं हजेरी कारकून होतो, वय वर्षं बावीस. ज्यांच्या घरी कालपर्यंत सालगडी राबत होते, त्यांच्याच हातात हातोडा आला होता. त्यांना दगड फोडता येईना. घाव घातला की दगड उडून नडगीवर बसायचा. त्या वेळी सगळ्या कामावर दगड कळणारा माणूस एकच होता. मलप्पा एकेकाच्या शेजारी उकिडवे बसून सांगायचे, "दगडाला मारू नका पाटील. आदी त्याची शीर बगा. शिरंवर टाकला की त्यो आपुन होऊन उगडतो." अशी किती गावं त्यांनी शिकवून तयार केली, त्याची मोजदाद नाही. माझी आई तारामतीही त्यांच्या हाताखालीच शिकली. तिच्या बोटांतून रक्त यायला लागलं तेव्हा चतुराबाईंनी आपल्या लुगड्याचा काठ फाडला. "चिंधी गुंडाळा माय, न्हाईतर हात सोलून निगंल," असं म्हणून स्वतः बांधून दिली. संध्याकाळी मोजमापाच्या आधी आईचा ढीग कमी भरणार हे पाहून त्यांनी आपल्या ढिगातल्या दोन टोपल्या गुपचूप तिकडं ओतल्या. मी ते पाहिलं आणि हजेरीपटात मान घातली.

इथवर कागदावर आहे. कागदावर नाही ते असं. त्याच संध्याकाळी कामावर खायला वाटलेल्या सुकडीवरून आम्हा भावंडांत भांडण जुंपलं, आणि आई ओरडली, "काय वडारवाडा मांडलाय रे मेल्यांनो!" चतुराबाईंचं पाल हाकेच्या अंतरावर होतं. त्यांनी बांधलेली चिंधी अजून आईच्या बोटाला होती. आईच्या मनात पाप होतं का हो? मुळीच नव्हतं. मरेपर्यंत ती चतुराबाईंचं नाव काढायची. पण शब्द जिभेवर बसलेला होता, आणि तिच्या जिभेवरून तो माझ्या जिभेवर आला.

दुसरं पान. ब्याऐंशी साल, लातूर जिल्हा वेगळा झाला. उस्मानाबादेहून ट्रकभर कपाटं आली आणि किल्ल्या तिकडंच राहिल्या! साहेब उभे, आम्ही उभे, कपाटं बंद. शेवटी मलप्पांना बोलावणं धाडलं. त्यांनी कुलूप बोटानं चाचपलं, हातोडीचा एकच ठोका दिला आणि कपाट उघडलं. एकाही दाराला पोचा आला नाही. तेव्हाच्या साहेबांकडे मी शब्द टाकला आणि मलप्पा शिपाई म्हणून लागले. मी शब्द टाकला, हे मी आजवर शंभरदा तरी सांगितलं असेल, बहुतेक वेळा त्यांच्या देखत, त्यांनीच आणलेला चहा पीत. मित्रहो, ज्याच्या तोंडावर उपकार असे रोज मारले जातात, त्यानं कुठल्या तोंडानं म्हणावं, की साहेब, एवढा एक शब्द वापरू नका?

आणि मी तो किती वापरला! फायली विस्कटल्या की वडारवाडा, जेवणाच्या सुट्टीत आवाज वाढला की वडारवाडा. दिवसातून दोनदा तरी. एका नव्या कारकुनानं एकदा त्यांना विचारलं होतं, मलप्पा, तुम्हाला काही वाटत नाही? ते म्हणाले, "लई जनं म्हनतात. कुनाकुनाचं मनावर घ्यावं?" आम्ही काय अर्थ काढला? माणसाला काही वाटत नाही! कानांनी पुरतं ऐकूनही न ऐकण्याची ही कला आम्हाला चांगलीच साधली होती.

मी खरा वडारवाडा पाहिलेलाही आहे. एका रविवारी अचानक कार्यालय उघडायचं होतं, म्हणून मलप्पांना न्यायला गेलो होतो. मनाची तयारी करून गेलो, की कल्ला असणार. तिथं एक म्हातारा उन्हाला बसला होता, एक बाई पोरीची वेणी घालत होती, गाढवं मुकाट उभी होती. बाकी माणसं पहाटेच दगडावर गेलेली. आपल्या कार्यालयात इतकी शांतता फक्त संपात असते. आणि सोमवारी सकाळी मी पुन्हा तोच शब्द वापरला. डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा जिभेपर्यंत पोहोचलं नाही.

काय म्हणालात साहेब? हो, ऐकू आलं. साहेब म्हणताहेत, ही आपली बोलायची पद्धत आहे, वाईट हेतू कुणाचा असतो? साहेब, आपण बोललात ते अगदी खरं, हेतू कुणाचाच नसतो. मी पुण्याला प्रशिक्षणाला गेलो होतो. शिकवणारे गृहस्थ देवमाणूस. आमच्या नांदेड-लातूरच्या पोरांनी दंगा केला तेव्हा ते हसत म्हणाले, "ही काय मोगलाई आहे का?" त्यांचा काय हेतू होता? काही नाही. पण आम्ही निजामाच्या जुन्या मुलखातली माणसं, त्यालाच लोक मोगलाई म्हणायचे. माझे कान तापले. रात्री जेवण गेलं नाही. लोह्याचा एक मित्र तर म्हणाला, "उद्या जाब विचारून येतो." गेला नाही, आम्हीच जाऊ दिलं नाही, कारण शेरा त्यांच्या हातात होता. तो एक शब्द, एक दिवस, आणि मी अजून विसरलेलो नाही. मलप्पांची तर इथं सतरा वर्षं झाली.

आता तिसरं पान. याच्यावर टाळ्या येणार म्हणून मी लाल शाईनं रेघ मारून आणली होती. वाचतो. "मलप्पांची शिस्त काय वर्णावी! सतरा वर्षांत त्यांनी घरच्या माणसाला कार्यालयाची पायरी चढू दिली नाही. लेक डबा घेऊन यायची, त्याआधीच ते फाटकात जाऊन उभे राहत, मग ऊन असो की पाऊस. डबा घेतला की तिला तिथूनच परत पाठवत. आजच्या तरुण कर्मचाऱ्यांनी हा आदर्श घ्यावा."

आदर्श! मघाशी महानंदा आईला धरून बाहेर निघाली, तेव्हा माझ्यापाशी क्षणभर थांबली. आवाज न चढवता म्हणाली, "काका, बाबा आम्हाला इथं का येऊ देत नव्हते, ते आज कळलं."

पुढची दोन पानं मी वाचणार नाही. ती सगळी अशाच अकलेनं लिहिलेली आहेत. आपल्या लेकीच्या कानावर आपलं घर, आपली माणसं शिवीसारखी पडू नयेत, म्हणून एक बाप सतरा वर्षं उन्हात उभा राहिला, आणि मी त्याला शिस्त म्हणत आलो. आज आमच्याच आग्रहावरून त्यांनी पहिल्यांदा दोघींना आत आणलं. मला लाज वाटते. याहून सभ्य शब्द मला सापडत नाही.

मलप्पा हातानं खुणावताहेत, की साहेब, बसा आता. बघा मंडळी, आत्ताही ते मलाच सांभाळून घेताहेत. मलप्पा, आज मी तुम्हाला तुम्ही-तुम्ही करतोय. रोज तू म्हणत होतो, तेही दहा वर्षांनी मोठ्या माणसाला.

अध्यक्ष महाराज, आपण मला अडवलं नाहीत, रेवणप्पाशेठ, आपण शाल घेऊन एवढा वेळ ताटकळलात, दोघांचा आभारी आहे. भाषण लांबलं आणि समारंभाचा रंग बिघडला, त्याबद्दल सभागृहानं मला क्षमा करावी. त्या शब्दाबद्दल मात्र मी इथून माफी मागणार नाही. इथून मागितली तर मलप्पांना एवढ्या लोकांदेखत मान हलवावीच लागेल. नाही म्हणायला आपण त्यांना जागाच ठेवलेली नाही, आणि जाता जाता आणखी एकदा त्यांना कोंडीत धरायची माझी हिंमत नाही. मलप्पा, शाल घ्यायची का, कुठं घ्यायची, ते तुम्ही ठरवा. बसावंसं वाटलं तर बसा, घरी जावंसं वाटलं तर रिक्षा सांगून ठेवली आहे.

मी वऱ्हांड्यात चतुराबाईंकडे चाललोय. त्या नाही म्हणाल्या, तर ते नाही ऐकून घेऊन परत येईन. माइक बंद करा. कृपा करून टाळ्या वाजवू नका, आणि माझ्या मागं कुणी येऊ नका.