तोडीचा गडी

गारगोटीच्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर कॅरमच्या स्पर्धा भरवणारी वर्षाराणी बसली होती आणि तिच्या शेजारी गुंडूतात्या.

“तात्या, रविवारी स्पर्धेला येताय न्हवं?”

“न्हाय. गेल्या येळंला अमरसिंहानं पहिल्याच डावात सगळा बोर्ड साफ केला. मी नुसती पावडर टाकून घरी आलो.”

“तुमच्यागत निम्मी माणसं रुसून बसली की! म्हणून आता चिठ्ठ्या टाकायच्या न्हाईत. कुस्तीच्या मैदानात लावत्यात तशी जोड लावायची. नवख्याला नवखा, कसलेल्याला कसलेला.”

“हे बेस झालं. आन अमरसिंह?”

“त्याला सांगलीचा गडी आणलाय. बसंल घाम पुसत.”

“मग माझी जोड कुणासंगं?”

“मी आक्कांसंगं लावणार होते.”

“आमच्या मंडळीसंगं? तिला कॅरम कुठं येतोय?”

“रोज दुपारी आमच्या कॅरम मंडळात येत्यात की खेळायला! गल्लीतल्या समद्या बायकांना त्यांनीच गोळा केलंय.”

“आँ? आन मला एका शब्दानं बोलली न्हाय? लाव जोड. बघतोच तिला.”

“पर त्याच नको म्हणाल्या.”

“का? भ्याली व्हय?”

“न्हाय. म्हणाल्या, मला माझ्या तोडीचा गडी बघ, आमच्या ह्यांना नवख्यांत बसव.”



“वर्षा, तुमचं मंडळ आज किती वाजंपतोर उघडं असतंय?”