विजयजींच्या डब्यातला कांदा

(पोलोग्राउंडजवळच्या टिफिन सेंटरचं स्वयंपाकघर. सकाळ.)

पूर्णिमाकाकू : तो कम्प्युटर बंद कर, रुची. आजपासून पुन्हा झाकणावर खडूची खूण.

रुची : काकू, एका चुकीसाठी सीधा बंद?

पूर्णिमाकाकू : तू शाळेत होतीस तेव्हापासून विजयजी आपला डबा खातात. जैन माणूस, आणि काल त्यांना कांद्याची भाजी गेली. लेबल तुझ्याच प्रोग्रामने छापलं ना?

रुची : हो. पण गडबड सापडली. सांगू?

पूर्णिमाकाकू : सांग. पोळ्या लाटता लाटता ऐकते.

रुची : प्रोग्राममध्ये मी ‘जैन’ कितीही वेळा लिहिलं तरी, मेमरी वाचवायला कम्प्युटर तो शब्द एकाच जागी ठेवतो. पण ग्राहकाने फोनवरून ‘जैन’ टाकलं, की दुसऱ्या जागी नवा ‘जैन’ तयार होतो.

पूर्णिमाकाकू : शब्द तर तोच.

रुची : अक्षरं तीच, जागा वेगळी. हे दोन डबे बघ. सारखेच ना?

पूर्णिमाकाकू : सारखे कसे? ह्यावर इंदिराआत्याचं नाव कोरलंय, तिच्या लग्नातला आहे. तो परवा बाजारातून आणलाय.

रुची : बस, तसंच झालं. ‘सारखा आहे का’ हे बघायचं होतं, मी ‘तोच आहे का’ हे बघायला लावलं. उत्तर आलं, नाही. विजयजींना साधा डबा गेला.

पूर्णिमाकाकू : मग इतके दिवस टेस्ट टेस्ट काय करत होतीस?

रुची : तेव्हा ऑर्डरीसुद्धा मीच प्रोग्राममध्ये लिहिलेल्या. सगळे ‘जैन’ एकाच जागचे.

पूर्णिमाकाकू : म्हणजे पेपर तूच काढलास आणि तूच सोडवलास.

रुची : हो गं. आता अक्षरं जुळवायला लावलीयेत.

विजयजी : (दारातून आत येत, कालचा डबा पुढे करत) पूर्णिमाजी, आपका डब्बा.

पूर्णिमाकाकू : विजयजी, तुम्ही स्वतः आलात? कालचं फार वाईट वाटतंय मला.

विजयजी : खोलते ही पता चल गया था. चौकीदार को दे दिया, वो तो बड़ा खुश.

रुची : अंकल, गलती मेरी थी. प्रोग्राम मैंने लिखा है.

विजयजी : अच्छा? आज का ऑर्डर मैंने अभी फोन से डाला है. छापकर दिखाओ.

रुची : एक मिनट... काकू, पुन्हा चुकलं तर?

पूर्णिमाकाकू : दाब ते बटण. मी आहे इथे.

रुची : निघालं. ‘विजयजी, जैन.’

विजयजी : शाबाश, बेटा.

पूर्णिमाकाकू : हा डबा जड का लागतोय?

विजयजी : घर में मिठाई बनी थी, मावाबाटी. आपका डब्बा खाली कैसे लौटाता?

पूर्णिमाकाकू : रुची, तो खडू आत ठेवून दे.