कोपऱ्यातली शिवण

— नाही हो, ठेवा पाय, काही होत नाही त्याला. नमदा आहे तो, दाबलेली लोकर, काच नाही. तुम्ही नीट बसा आपा, गाडी काय एवढ्यात सुटत नाही. चार माणसं झाल्याशिवाय हा ड्रायव्हर बाइके किल्ली फिरवायचा नाही, आणि आपण तीनच — तुम्ही, मी आणि तो पुढच्या सीटवर टोपी तोंडावर ओढून झोपलेला. आट-बाशीपर्यंत ना तुम्ही? मीपण. म्हणजे, जायचंय तिथंच. सामसा घ्या अर्धा, गरम आहे अजून. घ्या हो, मला एकटीला जात नाही. सकाळपासून काही जातच नाही खरं तर.

हा? शिरदाक आहे, नमद्याचा गालिचा. विकायचा नाही, छे — विकायचा असता तर असा जुन्या चादरीत बांधून आणला असता का. परत द्यायचाय एका घरी. जोडीतला आहे ना. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमचं आयुष्य गेलं असेल ह्यात — लाल नमद्यावर पांढरा ठेवायचा, सुरी फिरवायची, की दोन निघतात, लालात पांढरी शिंगं, पांढऱ्यात लाल शिंगं, चिंधीसुद्धा वाया जात नाही. त्यातला लाल हा. पांढरा तिकडे माझ्या मैत्रिणीच्या आईकडे आहे. आम्ही तिघांनी केला, कॉलेजात, शेवटच्या वर्षाचं काम म्हणून. डिझाइन शिकते मी. शिकत होते — झालं आता, दहा दिवस झाले. हो, पास. चांगल्या गुणांनी पास. उघडून बघा ना चादर, बघा, मी सांगते तुम्हाला सगळं, वेळ आहे.

तर कसं असतं आमच्याकडे, की एकट्यानं काही करायचंच नाही. स्टुडिओ म्हणजे चार वर्षं नुसतं गटानं काम. आणि प्रत्येक गटात, तुम्ही कुठलाही घ्या, एक असतो करणारा, एक असतो बोलणारा आणि एक असतो गायब — तो सादरीकरणाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर उगवतो. आमचा गायब म्हणजे तिलेक. वाईट नव्हता हं, फोटो छान काढायचा. करणारी कुंदुझ. आणि मी — मी लिहिणारी. प्रत्येक कामाला एक वही लागते ना: काय केलं, का केलं, विचार काय होता. माझं ड्रॉइंग म्हणजे, काय सांगू, मी घोडा काढला की शेजारचा विचारायचा मेंढी कुठल्या जातीची. पण लिहायला बसले की लोक गप्प व्हायचे. आम्हाला शिकवणाऱ्या नाझिरा एजे म्हणायच्या, जी डिझायनर लिहू शकत नाही तिला स्वतःचं काम कळलेलंच नसतं. मला इतकं बरं वाटायचं ते ऐकून. ज्याला काही करता येत नाही त्याला असं एखादं वाक्य पुरतं चार वर्षं.

शिंगांची नक्षी कुंदुझची. तिच्या आजीची. कापलं तिनंच, एका दमात, सुरी न उचलता — मी बघत होते. मग म्हणाली, शिवायला घरी जाऊ, आई आहे, मावश्या आहेत. गेलो तिघं. आठवडाभर राहिलो. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे घरात नमदा पसरलाय आणि बायका हात बांधून बसल्यात असं कधी झालंय? आल्या. शेजारणी आल्या, सात जणी, कुणी बोलावलं नव्हतं, अशारच तो, उद्या त्यांच्या घरी आपण जायचं. चहा, बोरसोक, जाम, आणि मध्ये हा पसरलेला, आणि गोल बसून कुणी दोरा वळतंय, कुणी थर धरतंय, आणि टाके घालतेय कुंदुझची आई. मीपण शिवलं. हो, मी. हा कोपरा मी शिवला. अख्खी दुपार. कुंदुझची आई माझ्याकडे बघायची आणि तोंड दाबून हसायची, आणि म्हणायची, लिहिणाऱ्या पोरी, दोरा ओढ, दोऱ्याची दया नको करूस. चांगली बाई. मला स्वतःच्या ताटातलं वाढायची. मला आई नाही हे कुंदुझनं सांगितलं असणार, मी नव्हतं सांगितलं.

आणि मग वही. आता वहीत काय असतं — शेवटी प्रत्येकानं वेगवेगळं लिहायचं असतं, स्वतःचं. गटात काय शिकलो, कोणी काय केलं, कुठं अडलं. एजे म्हणाल्या, मनापासून लिहा, हे आपल्या आपल्यात राहतं. तिलेकनं अर्धं पान लिहिलं. कुंदुझनं एक पान, त्यात तीनदा ‘आम्ही मिळून’. मी बारा पानं. बारा. त्यात मी त्या घराचं लिहिलं, सात बायकांचं, चहाचं, हसण्याचं, आणि लिहिलं की टाके कुंदुझच्या आईचे आहेत आणि ह्या कामाचं सगळं सौंदर्य त्या टाक्यांत आहे. कौतुक म्हणून लिहिलं हो. देवाशपथ कौतुक म्हणून.

पण फाइलच्या पहिल्या पानावर आम्ही तिघांनी सही केलेली होती, की हे काम आमच्या स्वतःच्या हातचं आहे. ते छापील पान, आधीपासूनच असतं, कोण वाचतं. समितीत बाहेरून एक गृहस्थ आले होते, त्यांनी वाचलं. आधी माझी पानं वाचली, मोठ्यानं, काय सुरेख लिहिलंय म्हणाले, आणि त्या वाक्यावर आले आणि चष्मा काढला. म्हणजे शिवणकाम विद्यार्थिनीचं नाहीच? सगळे कुंदुझकडे बघायला लागले. ती म्हणाली, आईनं शिवलं. सरळ. तिला वाटलं त्यात काय. त्यांनी विचारलं, बाकी दोघांनीही घरच्यांची मदत घेतली का? तिलेक म्हणाला, मी फोटो काढले. आणि मी म्हणाले — मी कोपरा शिवलाय. त्यांनी कोपरा पाहिला, बोट फिरवलं, छान आहे म्हणाले, हा तुझा? मी म्हणाले, माझा.

तुम्ही तिथंच बघताय मघापासून. तोच कोपरा. बरोबर ओळखलात — हा बाकीच्यासारखाच आहे ना? एक हात आहे ना सगळा? असणारच. मी शिवलेला होता तो असा वाकडा-तिकडा की सापही लाजला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर कोपरा सरळ. तिच्या आईनं उसवून परत घातला होता, मी उठायच्या आत, आणि चहा पुढे करताना वर म्हणाली, बघ, किती पटकन शिकलीस. मी पण म्हणाले, हो. मला माहीत होतं. कुंदुझला पण माहीत होतं, ती तिथंच चूल पेटवत होती. आणि समितीपुढे मी ‘माझा’ म्हणाले तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि परत खाली पाहिलं. त्यांनी परत विचारलं, तुमच्या आईनं फक्त तुमचाच भाग शिवला का? ती म्हणाली, हो. फक्त माझाच.

तिचा निकाल रोखला. पुढच्या वर्षी यायचं, एकटीनं बसून, त्यांच्यासमोर सगळं परत करायचं. एकटीनं — आपा, शिरदाक एकटीनं. ती हसली, मला आठवतंय, एवढंसं, आणि सामान बांधलं. फोन उचलत नाही. तिलेक अल्माटीला गेला नोकरीला. आणि माझी ती बारा पानं आता पहिल्या वर्षाच्या मुलांना वाचून दाखवतात. नमुना म्हणून. असं लिहावं म्हणून.

नाही, गेले होते मी. एजेंकडे गेले होते सांगायला, कोपऱ्याचं. त्या म्हणाल्या, तू बोललीस तर तूही जाशील आणि ती काही परत येणार नाही. दार लावून घे जाताना. मी घेतलं लावून. किती शहाणी मी.

आणि ते कौतुक म्हणून लिहिलं म्हणाले ना मघाशी — ते खरं नाही. पूर्ण खरं नाही. ते वाक्य मी चार वेळा लिहिलं. आधी लिहिलं, घरातल्या बायकांचा हात लागला. मग मदत झाली. मग खोडलं. खोडलं म्हणजे काय, म्हणजे कळत होतं ना कुठं दुखेल ते. प्रदर्शनात लोक यायचे, विचारायचे कोणी केलं, आणि सगळी बोटं कुंदुझकडे. एका बाईंनी तर तिचे हात हातात घेतले, किती वेळ सोडले नाहीत. मी शेजारीच उभी, वहीतला तिघांचा भाग मी लिहिलेला, तो भिंतीवर टाचलेला, आणि कुणी मान वर करून वाचत नव्हतं. त्याच संध्याकाळी लिहिलं मी ते वाक्य. मैत्रीण होती माझी. एका ताटात जेवलो. तिच्या आईनं मला — जाऊ दे.

आता हा प्रदर्शन उतरवताना माझ्या हाती आला. जोड फोडून ठेवू नये ना घरात, त्याच्या जोडीकडे जायला हवा. म्हणून ही गाडी. म्हणजे, जाऊन द्यायचा आणि सांगायचं. त्या बाईला सांगायचं तोंडावर, की तुमचे टाके मी विकले. बस, एवढंच. नऊ पानांचं पत्र पण लिहिलंय, बोलता आलं नाही तर द्यायला, आत गुंडाळलंय.

ते बघा, आले. दोघं आहेत. नवरा-बायको दिसतात. एकच जागा आहे ना बाइके? मग ते कसे — नाही, त्यांना वेगळं कसं करणार, बाई पोटुशी आहे, बघा की. माझी जागा द्या त्यांना. द्या हो. मी जाईन उद्याच्या गाडीनं, मला काय घाई आहे. हसू नका बाइके. हसतोय बघा — आपा, हा हसतोय कारण ह्या आठवड्यात चौथ्यांदा माझी जागा मी कुणाला तरी दिली. दर वेळी कुणी ना कुणी येतंच गरजू. मी फार भली आहे.

पण हा न्याल का तुम्ही? एवढं करा. आता परत खोलीवर नाही नेता येत मला हा, आज चार दिवस माझ्या खाटेखाली आहे, झोप नाही येत वर. शाळेच्या मागची गल्ली, निळं फाटक, दारात जर्दाळूचं झाड, कुंदुझची आई, झुमागुल म्हणून —

माहीत आहे? तुम्हाला घर माहीत आहे?

कधीपासून — चादर उघडली तेव्हापासून? टाका बघून? त्यांच्याकडेच बसायचात शिवायला. म्हणजे तुम्ही त्या सात जणींत — नव्हतात, बरं, त्या आठवड्यात मुलीकडे होतात. मग मला बोलू का दिलंत एवढं? थांबवायचं होतं ना. समितीत पाच माणसं बसली होती, शिकलेली, त्यांना माझं वाक्य वाचावं लागलं कळायला. आणि तुम्ही नुसतं बोट फिरवलंत.

थांबा, एक मिनिट. जरा उलगडा तो. ते पत्र काढून घेते मी.

नको. नाही द्यायचं. फार चांगलं लिहिलंय ते, आपा. वाचलं तर मला माफ करतील त्या.

बांधा परत. गाठ घट्ट मारा. जा तुम्ही. बाइके, निघा.