घाटात घेतलेलं नाव

चढ संपल्यावर मोटारसायकलचा आवाज थांबायला हवा होता. तो थांबलाच नाही, आणि हसू नका, मी तिथूनच पळत सुटले.

लग्नाला जेमतेम महिना झाला होता. थंडीतल्या सकाळी आम्ही यवतमाळहून आर्णीला माझ्या आत्याकडे निघालो होतो. जुनी गाडी दोघांना घेऊन घाट चढेना, तेव्हा हे म्हणाले, "तू उतरून चालत ये, मी वर थांबतो."

मी धापा टाकत वर पोचले, तर रस्ता रिकामा! कानांना मफलर गुंडाळलेले आमचे हे, मला खाली उतरवल्याचं साफ विसरून, बायको मागं बसलीच आहे असं समजून पुढं निघून गेले होते.

भोवती सागाचं जंगल. वाळलेलं पान पडलं तरी मी दचकत होते.

"अहो! अहो, ऐकलंत का?"

कुणीच ओ देईना. 'अहो' म्हटल्यावर कोणाला म्हणते ते कळणार तरी कसं? शेवटी आईची सगळी शिकवण गुंडाळून ठेवली, डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलं. 'राव' लावायचंही भान राहिलं नाही.

"शंकर!"

झुडपातून गाई हाकत एक पांढऱ्या मिशांचे आजोबा बाहेर आले.

"ओ! आलो, आलो! काहून वरडून राह्यली वो पोरी? मीच हाय शंकर."