मुख्तारची शिकवणी

पडघ्याच्या एसटीच्या रांगेत इंग्रजी पुस्तक वाचत उभ्या असलेल्या नीलाच्या पुढे दोघी मायलेकी उभ्या होत्या.

"जोहरा, परवा बारावीचा इंग्रजी पेपर हाय. 'अनलेस'चं वाक्य बोल बघू."

"येत नाही, अम्मी."

"मुख्तारनं शिकवलं न्हाय?"

"तो रोज 'बिकॉज'च शिकवतो. पुढचं विचारलं की चहा मागतो."

"असं बोलू नको. लूमवरचं काम सोडून येतो बिचारा."

"पास झाले तर कॉलेजला पाठवशील ना?"

"जबान दिलीय."

"आणि नापास झाले तर?"

"तर मुख्तारशी निकाह. ठरलंय ना!"

"त्याला माहीत आहे?"

"म्हणजे काय! ठरलं त्याच दिवशी तर म्हणाला, 'खाला, जोहराला मीच शिकवतो.'"

अम्मीनं कपाळावर हात मारला. मग मागे नीलाकडे वळली.

"ताई, पडघा येईपर्यंत हिला 'अनलेस' शिकवाल का?"